भिकाजीची न तापलेली गाडी

आमच्या भिकाजीनं पिरंगुटच्या कंपनीची बस तीस वर्षं चालवली आणि एकदाही तिचं इंजिन उकळू दिलं नाही. हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा. बायको चंद्रकला वारली, पोरगी नांदायला गेली, तसा तो धरणाकाठच्या एका बंगल्यावर राखणीला राहिला. मालक शेखरसाहेब परदेशात. मागं ठेवलेली एक लाल स्पोर्ट्स कार. "दर रविवारी चालू करत जा," एवढंच सांगून गेलेले.

भिकाजी अंघोळ करून, चपला बाहेर काढून गाडीत बसायचा. पाच मिनिटं गुरगुरू द्यायची, तापमानाचा काटा जरा हलला की बंद. असे दोन पावसाळे गेले. गाडीशी बोलायचासुद्धा. दुसरं होतं कोण?

साहेब दिवाळीला येणार असं कळलं, तेव्हा त्यानं इंजिनच्या तेलाचं झाकण उघडलं. आतून दुधाळ चहासारखा चिकटा. तसाच शेजारच्या वस्तीवर माझ्याकडं पळत आला.

"दादा, लोकाचं इंजिन खाल्लं मी!"

मी पिरंगुटहून सुधीर मेकॅनिकला बोलावलं. त्यानं तेलाची पट्टी ओढून बघितली, रेडिएटरचं पाणी बघितलं आणि हसला.

"काका, किती तापवली?"

"तापूच दिली न्हाई!"

"तितंच चुकलं. इंजिनात ओल धरती. तेल शंभर डिग्रीच्या आसपास गेलं की ती उडून जाती. असल्या गाडीला घाटात एकशेवीस झालं तरी काय हुत न्हाई. एकशेतीसच्या वर टिकून राहिलं, तर मात्र तेल पातळ पडतं, आतलं घासतं. तुमची तर कोमटबी झाली न्हाई! इंजिन वाचलंय. तेल बदलतो, पर आता अर्धा तास रस्त्यावर काढत जावा."

भिकाजीनं साहेबांना फोन लावून चूक कबूल केली.

"चालवा हो काका, मनसोक्त," साहेब म्हणाले. "माझं दिवाळीचं रद्द झालंय. आता कधी येईन, सांगता येत नाही."

चूक माफ झाली होती, तरी हा पायरीवर बसूनच राहिला.

रविवारी मला शेजारी बसवून त्यानं गाडी माले गावाकडं काढली. मी तर हरखलो! एवढं खाली बसून रस्ता कधी बघितला नव्हता. म्हैस हत्तीएवढी दिसत होती. भिकाजीची नजर तापमानाच्या काट्यावर. काटा पंच्याण्णववर आला तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि साहेबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"काय सांगायचं हुतं रं?" मी विचारलं.

"काय न्हाई. पंच्याण्णव झालं, येवढंच."

"मग मला सांग की!"

"तुमाला दिसतंयच की, दादा," म्हणाला आणि त्यानं गाडी परत वळवली.