पिवळ्या पतंगावरचं लाल ठिगळ

तुमच्या आत्याचा पतंग आमच्या हॉलमध्ये मावत नाही, हे आम्हाला तो फुगवल्यावर कळलं.

हा संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. ताडपत्रीहून हलक्या पण चिवट कापडाचा, पुढच्या काठाला हवा भरायची जाड नळी असलेला हळदीसारखा पिवळा पतंग. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा नेईल तसं समुद्रावर पळायचं. चव्वेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी तुमची आत्या हे शिकायला दर रविवारी सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर जात होती आणि खारं पाणी पिऊन परत येत होती. आता तिला शिकवणारे सर म्हणाले होते, ‘येत्या रविवारी तुम्ही एकट्या जा.’ आणि नेमका त्याआधी वारा फिरून तिचा पतंग किनाऱ्यावरच्या बाभळीत जाऊन बसला.

शनिवारी दुपारी ती तो घडी करून आमच्याकडे, सुरतेच्या उधन्याला, घेऊन आली. फाटलंय कुठे, ते पतंग फुगवल्याशिवाय नीट दिसणार नव्हतं. ती पंप मारत गेली आणि पतंग सरकत गेला. एक टोक स्वयंपाकघरात मिक्सरला टेकलं, दुसरं बाल्कनीतून बाहेर डोकावलं. कपाटावरचं घड्याळ पडलं. खालून शेजारच्या भाभींनी वर पाहून हाक मारली, “मासी, कोनां लगन छे?” कुणाचं लग्न म्हणून विचारत होत्या; त्यांना मांडवच वाटला.

“अगं, दार उघडत नाही!” आजोबा बाथरूममधून ओरडले.

“बाबा, पाच मिनिटं थांबा,” आत्या पतंगाच्या पोटाखालून म्हणाली.

“माझ्याकडे टॉवेलच नाही गं!”

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या हातातून पंप सुटला. मी टॉवेल दाराच्या फटीतून सारला. मग खिडकीतल्या उन्हासमोर कापड धरल्यावर बाभळीचं सगळं काम दिसलं: बारीक छिद्रं, आणि मध्यावर बोटभर लांब एक चीर. मी सगळ्यांभोवती शिंप्याच्या खडूने गोल काढले. हवा सोडली तेव्हा आजोबा बाहेर आले, तोंड फुगवून.

पतंगाबरोबर दुरुस्तीचं पाकीट आलं होतं. त्यात लाल चिकटपट्टीची गुंडाळी आणि इंग्रजीतला सूचनांचा कागद. मी तो मोठ्याने वाचला. मीठ धुवा, वाळवा, स्पिरिटने पुसा, चिरेच्या दोन्ही कडा जुळवा, पट्टीचे कोपरे गोल कापा, दोन्ही बाजूंनी लावा. सगळं मला पटलं. फक्त चिरेच्या कडेला सुटलेले धागे काही बघवेनात. घरी साड्यांना लेस लावायचं काम करताना लेस कापली की आम्ही बायका तिची टोकं उदबत्तीने डागतो. नायलॉन वितळतं, कडा बंद होते, धागा सुटत नाही. सगळ्या उधन्यात असंच चालतं. मी देवघरातली पेटती उदबत्ती आणली.

कापड चर्र झालं. चीर होती तिथे रुपयाएवढं भोक पडलं.

“आई!”

बरीच वर्षं पांडेसऱ्याच्या गिरणीत कापड तपासण्यात घालवलेले आजोबा वाकले आणि त्यांची अहिराणी बाहेर पडली, “भोक पाडी टाकं ना तू!”

“तुम्ही आधी पँट घाला,” मी म्हटलं. ते अजून टॉवेलवरच होते.

आत्या हसली नाही. तिने भोकातून बोट घातलं, काढलं. “आई, मी उद्या ह्याच्या जोरावर पाण्यात जाणार आहे,” ती हळूच म्हणाली. मग मलाही हसू येईना. ठिगळ सुटलं तर पुढे फाटत जाणार, आणि माझी एकुलती लेक किनाऱ्यापासून लांब पडणार.

मी हात धुतले. स्टीलची मोठी थाळी पालथी घातली आणि तिच्यावर कापड ताणून बसवलं. लाल पट्टीचे तुकडे शेजारी शेजारी लावून रुंद केले, वाटी ठेवून त्यांतून दोन गोल कापले. एक वरून, एक खालून. मग चमच्याच्या पाठीने घासत राहिले, मधून कडेकडे, एकही बुडबुडा राहू दिला नाही. छोट्या छिद्रांना छोटे गोल. आजोबा पँट घालून आले आणि बघत म्हणाले, “हळदीला कुंकू लागलं.”

रविवारी आम्ही दोघंही सुवाळीला गेलो. आजोबांनी कापडी टोपी घातली होती आणि ती सारखी उडत होती. ते टोपीमागे, मी त्यांच्या मागे, ओल्या वाळूत चप्पल रुतवत. तेवढ्यात पिवळा पतंग उठला. लाल गोल ठसठशीत दिसत होता. आत्या फळीवर उभी राहिली, झुकली आणि निघाली. मी ओरडले. काय ओरडले, ते आजोबा सांगतात तेव्हा मी ऐकत नाही.

मग पतंग धप्पकन पाण्यावर आपटला आणि पालथा पडला.

मी आजोबांचा दंड धरला. पाण्यावर नुसतंच पिवळं हेलकावत होतं. तिने दोरी ओढली, पतंगाचा एक कान उचलला, पाणी सांडलं आणि तो पुन्हा वर चढला. कुंकू जागच्या जागी होतं. आजोबांनी टोपी स्वतःहूनच हवेत फेकली.

ती परत आली, भिजलेली, दात वाजत, तोंडभर हसत. मी आधी पतंगाजवळ गेले आणि ठिगळाच्या कडेवरून नख फिरवलं. कुठे उचललं नव्हतं.

“आई, मीसुद्धा धड आहे हं,” ती म्हणाली.

“दिसतंय मला. जरा उलटा कर, खालचं बघू दे.”