भाऊजींची शेवटची शिफ्ट: पवनी ते चिखला

विशाखाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. "शनिवारी यांची शेवटची ड्युटी हाय," ती म्हणाली. "सत्कार-गित्कार काई नाही. तू ये. अन् तिले पण घेऊन ये."

'ती' म्हणजे कुसुम. गेले आठ महिने विशाखा कुसुमचं नाव घेत नव्हती आणि कुसुम विशाखाचं. मधे मी.

आम्ही तिघी भंडाऱ्याला डी.एड.ला होतो, एकाच होस्टेलात, एकाच खोलीत. मेसच्या रांगेत उभं राहून एकमेकींना प्रश्न टाकायचो. कुसुम पवनीकडची, शेतकऱ्याघरची, देवभोळी. तिला विशाखा विचारायची, "देव सगळीकडे हाय तं चपला देवळाबाहेरच काहून काढते?" विशाखाच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतलेला, तिचं सगळं तपासून पाहणं. तिला कुसुम विचारायची, "बुद्धाले मच्छर चावला असता तं?" जिला उत्तर येणार नाही तिनं पापड द्यायचा. मी दोन्हीकडची नव्हते, म्हणून पंच मी, आणि पापड बहुतेक मलाच मिळायचे. पुढे विशाखा लग्न होऊन चिखल्याला, खाणकामगाराच्या घरी गेली, कुसुमनं शेती सांभाळली, मी लग्न न करता नागपुरात शाळेत राहिले. प्रश्न फोनवर चालू राहिले.

मागच्या मे महिन्यात कुसुमचा मुलगा नितीन तिसऱ्यांदा भरतीच्या यादीत आला नाही. त्या दिवशी चतुर्थी होती. कुसुम फोनवर म्हणाली, आज जेवणार नाही. विशाखा म्हणाली, "तुया चतुर्थ्यांनी नोकऱ्या लागत असत्या तं आतापर्यंत तुयं पोरगं कलेक्टर झालं असतं." ती हसली. कुसुमनं फोन ठेवला. मग काही उचललाच नाही.

म्हणून मी उलटा रस्ता धरला. चिखल्याला जायचं तर नागपूरहून सरळ तुमसर गाठायचं असतं. मी आधी पवनीला गेले.

शुक्रवारी सकाळी नागपूरहून उमरेड, भिवापूर करत जाणारी एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसमधे बायकाच जास्त. जानेवारीत जात असाल तर भिवापूरच्या आसपास उजवीकडे-डावीकडे बघत राहा, अंगणांत, खळ्यांवर मिरची वाळत घातलेली असते. खिडकी मात्र लावून घ्या. मी लावली नाही आणि पवनीपर्यंत शिंकत गेले.

स्टँडवर कुसुम स्कूटी घेऊन उभी. डोक्याला स्कार्फ, पायात नितीनचे बूट. "तुयी बॅग एवढी जड कायले? दोन दिवसासाठी संसार आणला का?" मी म्हटलं, विशाखाकडं जायचंय. ती म्हणाली, "तू जाय ना. मी कायले येऊ? तिथं मी काय कलेक्टरची आई म्हणून मिरवू?"

तिनं मला आधी गाव दाखवलं. पवनी जुनं आहे, खूप जुनं. नदीकडे गेलात की घाटाच्या पायऱ्या आणि देवळं इतकी, की कुठून सुरुवात करावी कळत नाही. वैनगंगेचं पाणी हिवाळ्यात संथ असतं, बायका कपडे धूत असतात, कोणी तुमच्याकडे लक्ष देत नाही. मग तिनं स्कूटी गावाबाहेर वळवली, जिथं जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. पाहण्यासारखं तिथं फार उरलेलं नाही हे आधीच सांगते. विटा, उंचवटा, गवत. तिकीट नाही, दुकान नाही, पाणी सोबत न्या. कुसुम मात्र सरावानं एका जागी जाऊन बसली.

"तू येतेस इथं?"

"शेतातून येता येता बसते कधी."

"काय मागतेस?"

"काई नाही व. इथं मागायची सोयच नाही. म्हणून बरं वाटते." मग बोट उगारून, "विशाखाले सांगजो नको. लई हसंन."

(कुसुम, माफ कर. मी लिहिलं.)

संध्याकाळी तिच्या घरी लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वांग्याची भाजी. धान कापून झालेल्या बांध्यांमधे, म्हणजे खाचरांत, आता हीच लाखोरी हिरवी उभी आहे. जेवताना मी पुन्हा विषय काढला. तिच्या यजमानांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "जाऊन ये. आठ महिने झाले, घरात मलेच सगळे प्रश्न इचारून राहिली. मले नाही येत उत्तरं."

त्यावर कुसुम हसली, आणि हसली म्हणजे येणार हे मला कळलं.

शनिवारी संकष्टी होती. कुसुमचा उपास, त्यामुळे सोबत डब्यात उकडलेली रताळी आणि शेंगदाणे. पवनी ते भंडारा एसटीनं सव्वा तास धरा. भंडाऱ्यात आम्ही पितळी भांड्यांच्या दुकानात शिरलो, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं. कुसुमनं चार गडवे, म्हणजे तांबे, वाजवून पाहिले. दुकानदारानं विचारलं, कोणाला द्यायचाय? "रुसलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्याले," ती म्हणाली. दुकानदार म्हणाला, "मंग दोन घ्या." तिनं खरंच दोन घेतले.

भंडाऱ्याहून तुमसरची बस, आणि तुमसरहून पुढे चिखल्याला जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, घाई असेल तर एसटीची वेळ आधीच विचारून ठेवा. रस्त्यात कुसुमनं मला एकच प्रश्न विचारला. "मी गेली अन् तिनं पुन्हा तसंच म्हटलं तं?"

"तर आपण परत येऊ."

"जीप भरल्याशिवाय नाही सुटत म्हणते ना."

चिखला हे मँगनीजच्या खाणीचं गाव. इथं माणसं जमिनीखाली कामाला जातात. खाण पाहायला मिळत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. काळपट धूळ, मोठी झाडं, एकसारख्या घरांची कॉलनी आणि दारादारात झेंडू. विशाखा दारातच उभी होती. कुसुम फाटकापाशी थांबली. दोघींच्या मधे दहा पावलांचं अंगण.

"उपास असंन आज," विशाखा म्हणाली.

"हाय."

"माहीत हाय मले. कॅलेंडर पाहूनच साबुदाणा भिजवला."

एवढंच. कुसुम आत आली. मला वाटलं होतं रडारड होईल, भांडण होईल. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि साबुदाणा मोकळा का होत नाही यावर बोलू लागल्या. पण विशाखा तिच्या तोंडाकडे बघत नव्हती, आणि कुसुम नको तितकी नीट बोलत होती.

साडेबाराला विशाखानं माझं ताट वाढलं. भात, तुरीचं वरण, मेथी, तेलात परतलेली हिरवी मिरची. कुसुमला खिचडी. स्वतः पाणी घेऊन बसली.

"अन् तू?" कुसुमनं विचारलं.

"नंतर."

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

मी एकटीच भात कालवत होते. कुसुमनं खिचडीचा चमचा खाली ठेवला. "रोज असंच?"

विशाखा म्हणाली, यांची ड्युटी संपली की तीनपर्यंत घरी येतात, मग दोघं बसतो. दुसरी शिफ्ट असली तर त्या हिशेबानं. "माणूस खाली असला का मले घास उतरत नाही. बस."

"लग्न झालं तवापासून?"

"पहिल्या महिन्यात एकदा जेवली होती. मेथीचीच भाजी होती. गळ्यात अडकली अन् उलटी झाली. तवापासून नाही."

मला भीती वाटली की आता आठ महिन्यांचा हिशेब निघतो. तिला संधी आयती मिळाली होती. "तीस वर्षं मले चिडवलं व तू," ती हळूच म्हणाली. "अन् स्वतः रोज उपास करून राहिली?"

"हा उपास नोहे. मी कोणाले काई मागत नाही."

"मी तरी कुठं मागत होती!" कुसुमचा आवाज चढला. "नितीन आठ महिन्यांचा होता, टायफॉइड झालता त्याले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी तीन दिवस काई खाल्लं नाही. भूकच गेली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. सासू म्हणे आज चतुर्थी हाय, तुयी चतुर्थी पावली, आता सोडजो नको. मी म्हटलं बरं. मले तं तवापर्यंत दिवस कोणता हाय तेही माहीत नव्हतं."

हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. एका खोलीत राहिलेल्या, पस्तीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी आम्ही. देवाला चपला का चालत नाहीत हे विचारलं आणि तू कधीपासून जेवत नाहीस, हे विचारलं नाही.

विशाखानं कुसुमच्या ताटातला चमचा उचलून तिच्या हातात दिला. "त्या दिवशी मी फोनवर जे बोलली ना..."

"राहू दे."

"नाही राहू देत. चुकली मी."

"हो, चुकली," कुसुम म्हणाली आणि खिचडी खाऊ लागली. "अन् मीठ पण कमी हाय."

तीन वाजले. सव्वातीन झाले. विशाखा फाटकापर्यंत जाऊन आली. शेजारच्या घरातला माणूस सायकलनं परत आला, त्याच्यामागे आणखी दोघं. साडेतीनला तिनं झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. मी म्हटलं, फोन करून बघ. खाली फोन नेत नाहीत, तिनं सांगितलं, आणि तिचा आवाज अगदी साधा होता. पावणेचारला तिनं झाडू टेकवून ठेवला आणि पायरीवर बसली. कुसुम जाऊन शेजारी बसली. तिचे ओठ हलत होते, म्हणजे तिचं काहीतरी चालू होतं. विशाखानं ते पाहिलं. इतर वेळी तिनं नक्की काहीतरी टाकलं असतं. आज ती तिच्याजवळ सरकून बसली, खांद्याला खांदा लावून.

चार वाजून गेल्यावर प्रल्हाद भाऊजी दिसले. चालत येत होते. गळ्यात झेंडूचा हार, हातात मिठाईचा पुडा, चेहरा लहान मुलासारखा ओशाळलेला. सोबतच्यांनी सोडलंच नाही, चहा, भाषण, फोटो. "मी म्हणत होतो घरी वाट पाहून राहिले, तं कोणी ऐकलंच नाही."

विशाखा उठली. रागवेल असं वाटलं. तिनं हार काढून घेतला, खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "हातपाय धुवा. मले भूक लागली."

जेवायला बसल्यावर कुसुमनं भाऊजींना सरळ विचारलं, "भाऊजी, तुमची बायको तुम्ही वर आल्याबिगर जेवत नाही, माहीत हाय का तुमाले?"

त्यांचा घास हातात राहिला. ते विशाखाकडे बघू लागले. "मले वाटे," ते म्हणाले, "ही दुपारी जेवते, अन् मंग माह्या सोबतीले परत बसते. मी मनात म्हणत होतो, बाई दोनदा खाते, तरी अंगाले काहून लागत नाही."

कुसुमला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. विशाखाही हसली. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वरणाची वाटी उचलली आणि तिच्या भातावर वाढली, मग मेथी वाढली, मग परत वरण. ती "बस, बस" म्हणत राहिली आणि ते वाढत राहिले.

त्या रात्री आम्ही तिथंच राहिलो. चंद्र उगवल्यावर कुसुमनं उपास सोडला. अंगणात उभं राहून चंद्र दिसतो का ते बघण्याचं काम विशाखानं केलं. रविवारी दुपारी मी एकटीच तुमसरहून नागपूरची बस धरली. कुसुम राहिली, अजून दोन दिवस राहते म्हणाली. घरी यजमान प्रश्नांतून सुटले असतील.

हा प्रवास करायचा असेल तर तीन दिवस ठेवा. पवनीला निदान एक संध्याकाळ द्या. चिखल्याला ओळख नसेल तर राहायची सोय धरून चालू नका, तुमसरला मुक्काम करा.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी न राहवून चिखल्याला फोन लावला. भाऊजींनी उचलला. दहाला दोघं सोबत बसले होते, ते म्हणाले. ते समोर, घरातच. तरी तिनं एक घास घेतला अन् उठली. अंगणात जाऊन बसली, रडून राहिली. "शोभाताई, मी तं वर आलो ना आता. मंग कायले?" कुसुमनं त्यांच्या हातून फोन घेतला. "तीस वर्षांचं हाय, एका दिवसात कसं जाईन? तू मुलांले शिकव. आम्ही पाहतो."

मंगळवारी काही कळलं नाही. बुधवारी मी स्टाफरूममधे डबा उघडून बसले होते, तेव्हा आमच्या तिघींच्या ग्रुपवर विशाखाचा मेसेज आला.

"आज साडेदहाले जेवली."

पवनीला परतलेल्या कुसुमनं लगेच विचारलं, "पूर्ण?"

"दोन पोळ्या. अन् भाजी."

"कोणती भाजी?"

"वांग्याची. यांनी केली. खारट झालती."

"मंग सोडली का?"

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाकीचे उठले. मी फोन हातात धरून बसून राहिले.

"नाही," विशाखानं लिहिलं. "परत मागून घेतली."