इथे नको, पुढच्या बेटावर

मार्चमध्ये आपण कायमचे पुण्याला परतणार, हे मुलीला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती. दुसरी अडचण त्याला फारच सोयीची पडली. मुलगी सहावीत. बोबडं बोलायच्या वयात टोकियोजवळच्या ग्योतोकुला आली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं जपानीत. पुणं म्हणजे तिच्या लेखी आजीकडची सुट्टी आणि डास. मैत्रिणींबरोबर इथल्याच चुगाक्कोत, म्हणजे सातवीपासूनच्या शाळेत जायचं, हे तिचं कधीचं ठरलेलं. जरा खूश करून सांगावं म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मी तिला पार दक्षिणेकडच्या, ओकिनावाच्याही पलीकडच्या बेटांवर न्यायचं काढलं. दोघी, दोन सॅक, आणि होईल तितकं स्वस्तात.

स्वस्त विमानात हातातलं सामान वजन करून घेतात. तिकडे मासे नसलेलं जेवण मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी कोंबली होती. सॅक अर्थातच जड भरली. काउंटरसमोरच मी दोन स्वेटर अंगावर चढवले आणि चटणीचा डबा कोटाच्या खिशात घातला. मुलगी माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. ‘हाझुकाशी,’ म्हणाली. म्हणजे लाज आणलीस.

इशिगाकीच्या बंदरातून आसपासच्या सगळ्या बेटांवर बोटी सुटतात. पहिल्याच बेटावर सांगून मोकळं व्हायचं असं मी ठरवलं होतं. तिथे रेड्याच्या गाडीत बसून ती इतकी खुशीत होती, की म्हटलं, इथे नको, पुढच्या बेटावर. पुढच्या बेटावर माणसांपेक्षा गाई जास्त, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना. त्याच्या पुढच्यावर खारफुटीचं जंगल होतं, पण डॉर्मिटरीत शेजारच्या कॉटवर परक्या मुली. कारणांना काही तोटा नव्हता. सकाळी डोळे उघडले की मी सॅक भरायला घ्यायची. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं.

‘आई, आत्ता तर आलो,’ ती म्हणायची.

‘आलो ना? बघून झालं. चल.’

मग सगळ्यांत दक्षिणेचं बेट तेवढं उरलं. बंदरावर पोचलो तर लाटांमुळे बोट रद्द. आता पळायला जागाच नव्हती. बाकावर बसून मी कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेली ओनिगिरी फोडली, त्या भाताच्या गोळ्यात चटणी भरली आणि एकदाची म्हणाले, ‘तुला एक सांगायचंय. मार्चमध्ये...’

‘शित्तेरु,’ ती म्हणाली. माहितीये.

‘बाबांनी सांगितलं?’

तिने मान हलवून नाही म्हटलं. मग मला नीट कळावं म्हणूनच बहुधा, मराठीत बोलली. ‘माझं माप कुठे घेतलं?’

नव्या शाळेचा युनिफॉर्म इथे आधी दुकानात जाऊन, माप देऊन सांगावा लागतो. तिच्या वर्गातल्या सगळ्या आया आपापल्या मुलींना घेऊन कधीच जाऊन आल्या होत्या. मी मात्र ‘गर्दी ओसरू दे, मग जाऊ’ म्हणत दिवस ढकलत होते, आणि थाप पचली अशा समजुतीत होते.

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू सांगशील म्हणून थांबले. तू रोज निघायचीस.’

ते मला फार लागलं. मी विचारलं, ‘शाळेत ठाऊक आहे का कुणाला?’

‘नाही. सगळ्या विचारत होत्या, कुठला साइझ घेतला. मी सांगितलं, खूप मोठा. आमची आई वाढत्या अंगाचंच घेते.’

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी तिच्या जॅकेटकडे वळले. तेही मीच घेतलेलं, अर्थात वाढत्या अंगाचं, बाह्या दुमडून घालायचं. एका बाहीची घडी सुटली होती. ती परत घालायला गेले, तर तिने हात मागे घेतला.

‘राहू दे आई,’ ती म्हणाली. ‘आता बरोबर होतंय.’