आर्नफिनचं खमीर

सोमवारी सकाळपासून आर्नफिन एका जागी बसला नव्हता. तसा माझा नवरा कधीच बसत नाही. आयुष्यभर फेरीबोटीवर दोर टाकायचं काम केलं, आता निवृत्त झाला तरी घरात असा वावरतो की जणू धक्का जवळ आलाय आणि हातात दोर नाही. पण त्या दिवशीचं वेगळं होतं. बिअरच्या भट्टीच्या खोलीत जायचा, पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभा राहायचा, बाहेर येऊन फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या कड्यांमधल्या खाडीच्या, पाण्याकडे बघायचा, की पुन्हा आत. मी खिडकीशी भाकऱ्या लाटत होते. त्याची ती ये-जा बघून माझ्याही हाताला ताल सापडेना, तीन भाकऱ्या फाटल्या.

शनिवारी आमच्या लेकीचं, सुन्निवाचं लग्न. त्या सोमवारी संध्याकाळी शेजारी नवी बिअर चाखायला येणार होते. आणि आर्नफिनला वास येत नाही, हे त्याच्याशिवाय मला एकटीला ठाऊक होतं.

गेल्या शरदात त्याला मोठा ताप आला. उठला तो नाक गमावूनच. कॉफी पितोय की नुसतं गरम पाणी, ते कळेना. मीठ, साखर जिभेला कळायची, बाकी सगळं पुठ्ठा. येईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिवाळा गेला, कड्यावरचा बर्फ वितळून ओढे धो धो वाहायला लागले, वास काही आला नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाला. मी विचारलं, यात लपवण्यासारखं काय आहे? तर उठून लाकडं फोडायला गेला.

लपवण्यासारखं होतं ते खमीर. आमच्याकडे बिअरचं खमीर दुकानातून आणत नाहीत. आर्नफिनच्या घरचं त्याच्या आईकडून आलेलं, तिच्याकडे तिच्या आईकडून. बिअर झाली की तळाचा गाळ गवताच्या कड्याला फासून माळ्यावर वाळवायचा, पुढच्या खेपेला तोच कोमट करून ओतायचा. ओतण्याआधी वास घ्यायचा, आणि ओतताना मोठ्यानं ओरडायचं, म्हणजे बिअर जोमदार होते असं जुने लोक म्हणतात. वास बिनसला असेल तर सरळ फेकून शेजाऱ्याकडून मागून आणायचं, त्यात कुणाला कमीपणा नाही. आणि चाखणीला आलेला प्रत्येक जण जाताना त्या घरचं ताजं खमीर घेऊन जातो. अख्ख्या गावाची खमिरं अशी एकमेकांची लेकीबाळी आहेत.

नाताळच्या बिअरच्या वेळी आर्नफिननं नेहमीसारखे डोळे मिटले, वाडग्यात नाक घातलं, मान हलवली आणि खमीर ओतलं. चाखणीला मंडळी आली, प्यायली, खमीर घेऊन गेली. तेच खमीर त्यानं आता लग्नाच्या बिअरलाही घातलं होतं. ती चांगली झालीय की वाईट, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. नवऱ्या मुलाकडची माणसं पलीकडच्या खोऱ्यातली, तेही पिढीजात बिअर करणारे. पहिला वाडगा त्यांच्या हातात जाणार. आपल्या बिअरनं सुन्निवाला पहिल्याच दिवशी खाली बघायला लावलं तर? हे तो बोलला नाही. पण रविवारी प्रार्थनागृहातून परतताना गाडी चालवता चालवता मध्येच म्हणाला, "त्यांच्यातला तो म्हातारा काका फार चोखंदळ आहे म्हणतात."

"तू तरी एक घोट घेऊन सांग," असंही तो मला म्हणाला नाही. तरुणपणी प्रार्थनागृहात मी दारूला शिवणार नाही असा शब्द दिला होता, तो मी पाळलाय, आणि इतक्या वर्षांत त्यानं एकदाही मला त्यातून ओढलं नाही. त्याचं ते न विचारणंच मला दिवसभर टोचत राहिलं. पीठ मळता मळता मी प्रार्थना करायला लागले आणि मध्येच थांबले. बिअर चांगली होऊ दे, असं देवाजवळ मागायचं कसं? मग वाटलं, बायबलात ज्यानं लग्नघरची अडचण ओळखून पाण्याचा द्राक्षारस केला त्याला हे मागणं अगदीच नवं नसेल. मागितलं. मन मात्र निवलं नाही.

संध्याकाळी दोघं आले. उन्हाळ्यातली आमची संध्याकाळ म्हणजे दुपारसारखीच लख्ख. ऊडमुन हा वरच्या शेतावरचा मेंढपाळ, अंगानं दारात न मावणारा, बोलायला कंजूस. तोरलाइफ दुधाचा टँकर चालवतो, त्याचं तोंड इंजिनाआधी सुरू होतं. रीतीप्रमाणे दोघांनीही आपापल्या घरच्या बिअरचा एकेक कुंभ आणला होता. मी टेबलावर भाकऱ्या, तपकिरी चीज आणि खारवलेलं मटण मांडलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर विणकाम घेऊन बसले. एक टाका धड पडला असेल तर शपथ.

आर्नफिननं लाकडी वाडगा भरून ऊडमुनकडे दिला. ऊडमुन प्याला. खाली ठेवला. मिशी पुसली.

"हं," म्हणाला.

"हं म्हणजे?"

"वाईट नाही."

तोरलाइफनं वाडगा घेतला. "रंग सुरेख आलाय," म्हणाला. मग एक घोट घेतला, आणि त्याचं तोंड, जे कधी थांबत नाही, ते थांबलं. "हिला ना... अंग आहे."

"कसलं अंग?" आर्नफिन उभाच होता.

"अंग म्हणजे अंग. भरदार. बस ना लेका, टपाल द्यायला आल्यासारखा काय उभा राहिलास!"

आर्नफिननं खिडकी उघडली. मग मिटली. "आता तुझी काढ," तो ऊडमुनला म्हणाला.

ऊडमुननं आपला कुंभ पुढे सरकवला. हात अवघडल्यासारखा. "यंदा सातू जरा ओलसर मिळाला," तो आधीच म्हणाला.

आर्नफिन प्याला. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. "छान आहे," म्हणाला.

"छान?" ऊडमुननं चमकून वर पाहिलं.

"का? नाही?"

"नाही, आहे. तू म्हणतोस तर आहे."

तोरलाइफची पाळी आली. त्यानं आपली बिअर ओततानाच माफी मागितली. तळघरात बुरशी झाली होती, बायको म्हणत होती रंग मारून घे, राहून गेलं. आर्नफिननं त्याचीही वाहवा केली. तोरलाइफ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ऊडमुनकडे पाहिलं. ऊडमुन भाकरीकडे बघत होता.

आमच्या गावात कुणाच्या घरी बसून त्याच्या बिअरला नाव ठेवत नाहीत. वाईट नाही, असं म्हणतात. उत्तम बिअरलाही तेच म्हणतात, आणि ओतून द्यायच्या लायकीच्या बिअरलाही. खरं काय ते करणाऱ्यानं आपल्या नाकानं ओळखायचं. आर्नफिन एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, बोटीवर धुक्यात धक्का शोधावा तसा. माझ्या हातातली सुई थांबली. सांग, मी मनात म्हणत होते. देवा, याला सांगू दे.

तोरलाइफ उठत म्हणाला, "चला तर. थोडं खमीर बांधून दे, म्हणजे निघतो."

"नाही," आर्नफिन म्हणाला.

दोघंही थबकले. मागितलेलं खमीर नाकारलं गेल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.

"मला वास येत नाही," आर्नफिन म्हणाला. "तापानंतर गेला तो गेलाच. हे पिंप लग्नाचं आहे की गटाराचं, मला माहीत नाही. वाईट नाही, वाईट नाही लावलंय! मुलीचं लग्न आहे माझ्या. काय आहे ते सांगा."

मग ऊडमुननं, ज्यानं आयुष्यात दोन वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती, वाडगा पुन्हा नाकाशी धरला आणि म्हणाला, "मेंढ्यांच्या गोठ्यासारखा वास आहे. ओल्या लोकरीचा. नाताळलाही होता."

"नाताळला! मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटलं माझ्याच कपड्यांना येतोय."

तोरलाइफ मटकन खाली बसला. "आणि घरी जाऊन तू त्या खमिराची बिअर केलीस."

"केली. तीही तशीच झाली. पिंपं घासली, ज्युनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या उकळून त्या पाण्यानं धुतली, पुन्हा केली. पुन्हा गोठा. बायकोला म्हटलं, तूच गोठ्यातले बूट घालून आत आलीस. ती चार दिवस बोलली नाही."

"आणि मी बिचाऱ्या तळघराला शिव्या देतोय!" तोरलाइफ हसायलाच लागला. "ब्रश घेऊन भिंती खरवडल्या मी. खांदा गेला माझा. अरे, म्हणजे नाताळपासून अख्खं गाव गोठा पितंय आणि जो तो म्हणतोय वाईट नाही!" मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आणि काय गं, घरात एक चांगलं धडधाकट नाक होतं की! वास घ्यायलाही मनाई आहे का प्रार्थनागृहाची?"

"मला सगळ्याच बिअरला गोठ्याचा वास येतो," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांच्या बिअरलासुद्धा यायचा."

ऊडमुनही हसला. आर्नफिन हसला नाही. तो हिशोबात होता. आपलं बिघडलं, यांचं बिघडलं, यांनी ज्यांना दिलं त्यांचं बिघडलं. "मग चांगलं उरलंय कुणाकडे?" त्यानं विचारलं. "नाताळला माझ्याकडून न नेलेलं कोण आहे?"

तिघांनी घरं आठवली. एक एक करत सगळी बाद झाली. शेवटी ऊडमुन म्हणाला, "तुझी बोर्गहिल मावशी. वाटेवर बर्फ होता म्हणून ती आलीच नव्हती."

मंगळवारी सकाळी मी आर्नफिनबरोबर चढण चढून गेले. एकटा गेला असता तर दारातूनच परत फिरला असता. मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, कान तिखट, जीभ त्याहून.

"लग्नाचं बोलावणं करायला आलास होय?" ती म्हणाली.

"बोलावलंय की मावशी. पत्रिका मिळाली ना?"

"मिळाली. टपालानं. माझ्या खिडकीतून तुझं धुराडं दिसतं, आणि बोलावणं टपालानं."

आर्नफिन दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी खमीर ओतताना वास येत नसताना मान हलवली तेही. मावशी ऐकत होती आणि विस्तवावरची किटली पुढे-मागे करत होती.

"मला नाताळलाच समजलं होतं," ती म्हणाली. "खमीर ओतताना तू ओरडलास, तो आवाज माझ्यापर्यंत आला नाही. तुझी आई ओरडायची तेव्हा पाण्यापलीकडची कुत्री भुंकायची. ज्याला आपल्या खमिराचा भरवसा नसतो तो मांजरासारखा ओरडतो."

"मग सांगायचं होतंस, मावशी."

"विचारायचं होतंस, बाळा."

माळ्यावर मलाच चढावं लागलं. पिठाच्या पिशवीत गुंडाळलेलं गवताचं कडं होतं, वर पिवळट तपकिरी खपल्या. मावशीनं ते नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं, इतका की आर्नफिनची चुळबुळ सुरू झाली. मग तिनं ते त्याच्या हातात ठेवलं. "बहिणीचंच आहे हे. तुझ्याच घरचं. ने."

त्याच दिवशी नवं पिंप लागलं. ऊडमुन सातू घेऊन आला, तोरलाइफ टँकर घरी लावून ज्युनिपरच्या डहाळ्या तोडायला गेला. जुनी बिअर दोघांनी मिळून चरात ओतली तेव्हा आर्नफिननं पाठ फिरवली होती. आमचं खमीर घाईचं असतं, दोन दिवसांत काम उरकतं, पण त्यालाही दोन दिवस लागतातच, आणि ते बिघडलं असतं तर शनिवारपर्यंत तिसऱ्या पिंपाला वेळ नव्हता. संध्याकाळी सातूच्या कोमट रसात खमीर ओतताना आर्नफिन ओरडला. मी अंगणात होते. असल्या ओरडण्याला आमचे पाळक अडाणीपणा म्हणतात, मीही म्हणते. पण त्या दिवशी मी कान देऊन उभी राहिले आणि पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकतं का, ते ऐकत राहिले. एक भुंकलं. उगाचही भुंकलं असेल.

बुधवार कसा काढला ते आम्हालाच माहीत. सुन्निवा झालर लावलेला पोशाख घालून दाखवायला आली, तर बाप तिला "वाईट नाही" म्हणाला, आणि ती रडवेली झाल्यावर घाबरून "सुंदर, सुंदर" म्हणत तिच्यामागे जिन्यापर्यंत गेला.

गुरुवारी पिंप उघडलं. आर्नफिननं पहिला वाडगा स्वतः न पिता ऊडमुनला दिला.

ऊडमुननं वास घेतला. घोट घेतला. "पातळ आहे," म्हणाला.

मी डोळे मिटले.

"मागच्या उन्हाळ्याच्या मानानं पातळ. आणि हॉप्सची फुलं जास्त पडलीत. कडू लागते."

"कडू? जिभेवर काय बसलंय तुझ्या?" तोरलाइफनं वाडगा ओढून घेतला. "पातळ आहे, खरंय. कडू मुळीच नाही. कडू तर तुझी असते, आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून!"

"तुझी गुळचट असते."

"गुळचट? माझी?"

दोघांची जुंपली. इतक्या वर्षांचं साठलेलं एकेक बाहेर पडायला लागलं. कुणाच्या बाप्तिस्म्याला कुणाचं पिंप कसं होतं, कुणी चुलीवर राख उडवली, कुणी पाणी घातलं. आर्नफिन मध्ये उभा. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

"गोठा?" त्यानं जोरात विचारलं. "गोठा आहे की नाही?"

ऊडमुन थांबला. "गोठा नाही."

"मग वास कसला आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? कशासारखा?"

ऊडमुननं खांदे उडवले. आमच्याकडे असलं कुणी कुणाला विचारत नाही. "संत्र्याच्या सालीसारखा," तो शेवटी लाजत म्हणाला.

"ताज्या की वाळलेल्या?"

"अरे बाबा..."

"ताज्या की वाळलेल्या, ऊडमुन?"

त्या भल्या थोरल्या माणसानं निमूट वाडगा पुन्हा उचलला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. आर्नफिन त्याच्या तोंडाशी कान नेऊन वाट बघत राहिला.