इश्बेलची दोरी

त्या शनिवारच्या पानावर माझ्या वहीत एवढंच आहे : "पूर्वेचा वारा, कोरडा. फार्करांची जाळणी. जवाचं सूप, मटणाचं हाड घालून. प्रभू, वारा सांभाळ." बाकीचं आज लिहिते आहे. गेल्या आठवड्यात फार्कर गेले, आणि चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते कुणाही भल्या माणसाला चाललं असतं.

फार्कर आमच्या दरीचे डोंगरराखे. चाळीस वर्षं माळावरचं हेदर, म्हणजे जांभळ्या फुलांचं ते बुटकं झुडूप, जाळणं त्यांच्याकडे होतं. हेदर गुडघ्याच्या वर गेलं की त्याचं लाकूड होतं, मेंढी तोंड लावत नाही, आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर अख्खी दरी वणव्यात जाते. म्हणून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पट्ट्यापट्ट्याने, वारा बघून जाळायचं.

आदल्या दिवशी घरोघरी वर्दी द्यायची ही त्यांची शिस्त. निम्मी घरं आता शहरातल्या लोकांची, वर्षातले अकरा महिने कुलूप. तरी फार्कर दार ठोठावायचे, जरा थांबायचे, आणि कुलपाला सांगायचे, "उद्या वरच्या उतारावर जाळतोय. कपडे बाहेर घालू नका." मग पुढचं दार.

"बंद दारांशी दहा मिनिटं बोलतात," टपाल वाटणारी ऊना म्हणायची, "आणि मी समोरून गेले तर नुसती मान हलवतात."

"दार उलट बोलत नाही," फार्कर म्हणायचे.

धुरामुळे जाळणीच्या दिवशी दरीत कुणाच्याच दोरीवर कपडे नसत. त्याचाच उपयोग इश्बेलने, त्यांच्या बायकोने, करून घेतला होता. वरच्या खोलगट भागात वारा गोल फिरतो, तिथे उभ्या माणसाला तो पालटल्याचं उशिरा कळतं. पण पश्चिमेचा, समुद्राकडून येणारा वारा आधी दरीच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या घरावरून जातो. इश्बेल अंगणात विणत बसायची, डोळे धुराड्यावर. धूर डोंगराकडे कलला की पांढरी चादर दोरीवर. वरून फार्करांना चादर दिसायची, आणि हाताशी पाव तास मिळायचा. दोरी रिकामी असेल तर काम चालू. चाळीस वर्षांत दोघांचं याहून लांब बोलणं माझ्या ऐकण्यात नाही.

इश्बेल गेली त्यानंतरचा वसंत पावसात गेला, जाळणी झालीच नाही. वहीतला तो शनिवार म्हणजे तिच्यामागची पहिली. जाळायचा पट्टा जमीनमालकांनी लावलेल्या कोवळ्या चिडाच्या झाडांना लागून, त्यांच्या पश्चिमेला. वारा पूर्वेचा असेल तरच आग झाडांपासून लांब, ओढ्याकडे जाणार. मालकांच्या कारभाऱ्याचं पत्र आलं होतं : चिडांत एक ठिणगी गेली तर यापुढे जाळणी दुसऱ्याच्या हाती. फार्करांनी ते पत्र घड्याळामागे खोचलं होतं. घरात बोलायला घड्याळच उरलं होतं, आणि घराबाहेर हे काम.

सकाळी चौघं वर गेली : फार्कर, माझा नवरा इवन, ऊना आणि शेजारचा मेंढपाळ टॉर्किल. चौघांपेक्षा कमी माणसांत फार्कर काडी ओढत नसत. प्रत्येकाच्या हातात आग झोडपून विझवायचं लांब दांड्याचं रबरी झोडपणं.

"टॉर्किल, ते झोडपणं आहे, काठी नव्हे. त्यावर झोपू नकोस."

"झोपलो तर तुम्ही आहातच झोडपायला."

त्यांनी ओढ्याच्या बाजूची कड आधी हळूहळू जाळून काळी केली, म्हणजे आग तिथे येऊन उपाशी मरावी. मग चिडांच्या बाजूने पेटवायला घेतलं. मी खाली फार्करांच्या स्वयंपाकघरात सूप ठेवलं. घर स्वच्छ होतं. कप एकच, पालथा घातलेला.

दोनच्या सुमाराला कोळसा आणायला बाहेर आले आणि धुराड्याकडे नजर गेली. धूर डोंगराकडे वाकला होता.

वर पाहिलं. तीन माणसं धुराच्या कडेने हलत होती. चौथा ताठ उभा, हात कपाळावर, तोंड खाली आमच्याकडे. इवनने मला नंतर सांगितलं, ऊनाने विचारलं होतं, "वारा कसा आहे?" आणि फार्करांनी खाली बघून उत्तर दिलं होतं, "दोरी रिकामी आहे. चालू द्या." इवनच्या मनात शंका आली, पण त्या माणसाला 'ती आता नाही' हे सांगायला त्याची जीभ वळेना.

मला खाली त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पण तो हात कपाळावर पाहिला आणि कळलं ते कुठे बघताहेत. धावत आत गेले. चादर कपाटात होती, इस्त्री केलेली, घडीत सुकलेली फुलं. ती अंगणात सांडली. दोरीवर टाकली, दोन चिमटे लावले, आणि मोठ्याने प्रार्थना म्हटली. कुठली ते आठवत नाही.

वर ते हललेच नाहीत. किती वेळ, कोण जाणे. मग त्यांचा आवाज खालपर्यंत आला, "विझवा! सगळी विझवा!" चौघं एका रांगेत झोडपायला लागली. समुद्राचा वारा पोचला तेव्हा हातभर कड विझवायची राहिली होती. चिडांच्या पहिल्या रांगेची टोकं तांबूस झाली. पेट घेतला नाही.

फार्कर खाली आले, तोंड काळं, भुवया करपलेल्या. चादरीसमोर उभे राहिले.

"कुणी लावली?"

"मी."

"ती चार चिमटे लावायची," ते म्हणाले. "दोनांवर वाऱ्यात राहत नाही, पोरी."

मी पंचावन्न वर्षांची. सूप त्यांनी थंडच प्यायलं.

आमच्याकडे रविवार देवाचा, त्या दिवशी धुणं वाळत घालणं पाप; दोरीवर साधा हातरुमाल दिसला तरी महिनाभर चर्चा होते. त्या रविवारी ती चादर बाहेरच होती. सगळं गाव तिच्यासमोरून चर्चला गेलं, आणि कुणी ब्र काढला नाही. मी तरी काढून आत ठेवायला हवी होती. देवाला काय ते माहीत, माझा हात धजला नाही.

सोमवारी फार्कर स्वतःहून कारभाऱ्याकडे गेले. "मी वारा पाहिला नाही, दोरी पाहिली," म्हणाले. कारभाऱ्याला काही उमजलं नाही, पण जाळणी काढून त्याने इवनला दिली. अर्धा राहिलेला पट्टा तसाच राहिला, त्याच दुपारपासून पाऊस लागला.

पुढच्या मोसमात इवन टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात गेला. त्याने तोंड उघडायच्या आत फार्कर म्हणाले, "वर तू. खाली कोण?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "खाली मी." सहा वर्षं ते अंगणात इश्बेलच्या स्टुलावर बसले, चादर मांडीवर घडी केलेली. दोनदा लावली, दोन्ही वेळा बरोबर.

उद्या वारा पूर्वेचा आहे म्हणतात. चादर माझ्याकडे आली आहे, चार चिमटे काढून ठेवलेत. संध्याकाळी इवन बंद घरांना वर्दी देऊन आला, नेहमीपेक्षा उशिरा. "फार्करांच्याही दारावर ठोठावलं," म्हणाला, "आणि जरा थांबलो."