लारूसीचा वळसा

बिझर्तच्या जुन्या बंदरात लारूसी कोळ्याचं घर मासळी उतरवायच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पण कॉफीवाल्याशी वाजलं आणि त्याने ती गल्ली सोडली. मग न्हाव्याशी, मग हरभऱ्याचं कढण विकणाऱ्याशी. ज्याच्याशी अबोला, त्याच्या दारावरून जायचं नाही, हा बाणा. त्यामुळे घरी पोचायला म्हातारा अख्ख्या बंदराला वळसा घाली.

नाडी बघून डॉक्टर खूश झाला. "काका, रोज चालता वाटतं?"

"चालतात कसले! भांडतात," बायको दोजा म्हणाली.

"मग आणखी एकाशी भांडा, तब्येतीला चांगलं!" डॉक्टर हसला.

"माझी थट्टा करतोस?" लारूसी ताडकन उठला.

दवाखाना नेमका उरलेल्या एकुलत्या एक रस्त्यावर होता. त्या दिवसापासून लारूसी घरी होडीने जातो.