आईच्या तोंडचं ‘अरे’

उल्हासनगरला आमच्या घरी जीन्सचे गठ्ठे यायचे. शिवून झालेल्या पँटींचे सुटे धागे कापून द्यायचं काम आईनं वर्षानुवर्षं केलं. मी माहितीपट करायला लागलो तेव्हा हे काम करणाऱ्या बायकांवरच एक केला आणि त्यात आईलाही बसवलं.

मी फिल्म शिकलो त्या शाळेतली शिस्त अशी, की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज फिल्ममध्ये येऊ द्यायचा नाही. तो तिथे आहे, हेही कळता कामा नये.

"आई, माझ्याशी बोलू नकोस. नुसतं कामाचं सांग."

"मग सांगू कोणाला? ह्या पँटीला?"

शेजारच्या काकू खो-खो हसल्या. आई तरीही माझ्याकडेच वळायची. अरे, तू लहान होतास तेव्हा... अरे, उन्हात नको उभा राहूस... एडिटला बसल्यावर मी हे सगळं काढून टाकलं. फिल्म नेटकी झाली. पुढच्या शूटिंगला कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड हवं होतं, म्हणून उरलेलं पुसून टाकलं.

आता आई नाही. मी अंबरनाथ पूर्वेला राहतो, एडिटिंग शिकवतो. फिल्ममध्ये आई मालाबद्दल बोलते, बोटांच्या घट्ट्यांबद्दल बोलते. सगळ्या जगाशी बोलते, माझ्याशी नाही. मला हाक मारतानाचा तिचा सूर आठवायला जातो, तर नुसते शब्द आठवतात.

परवा वर्गात ही फिल्म दाखवली. एका मुलीनं हात वर केला.

"सर, हा कट लेट आहे ना? त्या काहीतरी बोलायला जातायत, त्याच्या आधीच कापायला हवं होतं."

मागे घेऊन पाहिलं. आई पँट खाली ठेवते, कॅमेऱ्याशेजारी मी उभा होतो तिकडे बघते, तोंड उघडते. ‘अ’ एवढंच ऐकू येतं आणि शॉट संपतो.

"लेट आहे," मी म्हणालो.

"काय म्हणत होत्या?"

"अरे, चहा टाकू का, म्हणून विचारत होती."

"मग ठेवायचं ना, सर! कसलं भारी वाटलं असतं."

"सर स्वतःचे पण मार्क कापतात," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो.

असा कट कोणा विद्यार्थ्यानं केला तर मी तो पुन्हा करायला लावतो. मुलं गेल्यावर दार लोटलं, आवाज वाढवला आणि तो ‘अ’ कितीतरी वेळा ऐकला. सबंध फिल्ममध्ये तेवढाच माझ्यासाठी आहे.